तांदळाच्या खोलीतला आवाज

"पुन्हा," सर म्हणाले. "श्वास ऐकू आला."

"श्वास न घेता कसं बोलू सर?"

"घे ना. पण मान वळवून घे. मोबाइलवर नको सोडूस."

मोबाइल सरांचा होता. त्याच्यावर त्यांनी आपल्या मुलाचा लोकरी पायमोजा चढवला होता आणि तो मोबाइल सुतळीने तांदळाच्या पोत्याला बांधला होता. शाळेच्या खिचडीचं धान्य ठेवायची ती खोली. चारी भिंतींना पोती लावलेली, त्यामुळे आवाज घुमायचा नाही. बाहेर कुणी बोंब मारली तरी आत शांत. एवढी शांतता मी पुन्हा कुठे ऐकली नाही. कोंडा मात्र घशात जायचा.

मी मान वळवून श्वास घेतला आणि पुन्हा बोलायला लागले. "डोळे मिटा. शेताच्या एका कोपऱ्यातून सरळ विहिरीकडे चाला. आता विहिरीपासून काटकोनात वळा…"

"कळंना," मांडीला मांडी लावून बसलेली सोनी म्हणाली.

सोनी माझी धाकटी बहीण, तिसरीत. ती सरांची परीक्षक होती. सरांनी नियमच केला होता: धडा तीनदा वाचायचा, पुस्तक बाहेर ठेवून यायचं आणि सोनीला सांगायचं. ती 'कळंना' म्हणाली की तिथेच थांबायचं आणि दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं. तिचं ते 'कळंना' सर कापायचे नाहीत. म्हणायचे, "ऐकणाऱ्यालाही तिथंच कळत नसतं. त्याला बरं वाटतं."

डोईफोडे सर वाईट माणूस नव्हते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे लिहायची इच्छा राहणार नाही.

आमची घोडकवस्ती बालाघाटच्या डोंगरात. दिवाळी झाली की वस्तीत ट्रक लागायचे आणि माणसं भांडीकुंडी, शेळ्या, तान्ही पोरं घेऊन ऊस तोडायला पार खाली नदीकाठच्या मुलखात जायची. उन्हाळ्याच्या तोंडावर परत. मागे म्हातारी माणसं आणि कुत्री. ज्यांच्या घरी आजी-आजोबा, त्यांची पोरं राहायची. ज्यांच्या घरी कुणी नाही, त्यांच्यासाठी शाळेत हंगामी वसतिगृह. नाव मोठं. म्हणजे पारूमावशीच्या हातचं दोन वेळचं जेवण आणि सहावीच्या वर्गात अंथरलेल्या सतरंज्या. आमच्या घरी कुणी नव्हतं. मी आणि सोनी त्या सतरंज्यांवर वाढलो.

तरीही काही पोरं आईबाप घेऊनच जायचे. धाकटं लेकरू सांभाळायला, पाणी भरायला. ती परत यायची तेव्हा त्यांना स्वतःचं नाव लिहिताना अडखळायला व्हायचं. सरांना हे सहन व्हायचं नाही. त्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणात पॉडकास्ट हा प्रकार पाहिला आणि परत आले ते पेटूनच. "पोरं शाळेत येऊ शकत नाहीत ना? मग शाळा त्यांच्या कानात घालू."

पारूमावशी त्याला सरांचा रेडिओ म्हणायची.

मी तेव्हा नववीत होते. सर वर्गातही तेच लावायचे. आधी भाग ऐकवायचा, सगळ्यांनी डोळे मिटायचे, मग प्रश्न. पावसाचा आवाज सुपात ज्वारी फिरवून केलेला. लढाईतले घोडे म्हणजे पारूमावशीच्या दोन वाट्या. ढ म्हणून मागे बसवलेली पोरं घोड्यांचे आवाज काढायला पुढे आली आणि इतिहासही पाठ करून बसली. हे मी पाहिलंय. कुणी म्हणालं की असल्या गोष्टींनी काही होत नाही, तर मी त्याच्याशी भांडेन. व्हायचं. वर्गात व्हायचं.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हजेरी. वसतिगृहातलं एकेक पोर मोबाइलसमोर येऊन आपलं नाव सांगायचं. "सोनी तांदळे, हजर." "कृष्णा गयाबाई सानप, हजर." कृष्णाला बाप नव्हता, तो आईचंच नाव लावायचा. मग धडा. आणि शेवटी मी सरांनी लिहून दिलेलं वाक्य म्हणायचे: "जिथे तुम्ही, तिथे शाळा."

तो भाग मग मुकादमांच्या मोबाइलवर जायचा. मुकादम म्हणजे टोळीचा म्होरक्या. आमच्या टोळीचा नवनाथअण्णा. मोठा मोबाइल त्याच्याकडेच.

एकदा घाईत माझा खोकला कापायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना सरांचा फोन वाजला. सर हसायला लागले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"कांचे, खोकायलीस का गं?" माय होती. मागे कोयत्यांचे आवाज.

"कोंडा गेला होता घशात."

"हळद-दूध मागून घी पारूबाईला. आन् सोनीचा आवाज बसल्यावानी वाटला. पडसं झालंय का तिला?"

"नाही गं. बरीय."

"खोटं नको सांगू. मला कळतंय."

सर वर्गाला म्हणाले, "बघा रे! तिकडं उसाच्या फडात बसून किती बारकाईनं ऐकतात." आणि फळ्याकडे वळले.

उन्हाळ्यात सगळे परत आले, आणि त्यांच्या मागोमाग गटशिक्षणाधिकारी आले. बिडवे साहेब. तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली. सरांनी भिंतीवर पांढरी चादर लावून त्यांना आलेख दाखवला. कुठला भाग किती वेळा ऐकला गेला, ते मोबाइल मोजतो म्हणे.

साहेब चष्मा काढून पुढे वाकले. "हे खरंय, डोईफोडे?"

"साहेब, मोबाइल कशाला खोटं बोलेल?"

"अहो, त्रिकोणाचा भाग एवढ्यांदा? माझ्या पोराला खुर्चीला बांधलं तरी तो त्रिकोण एकदा ऐकणार नाही. आणि हे सगळं फडातून?"

"फडातूनच. मुकादमांचेच मोबाइल आहेत."

"म्हणजे पोरं तिथं शिकतायत."

"शिकतायत साहेब."

'कोण ऐकतंय' हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. परत आलेली पोरं बाहेर वडाखाली गोट्या खेळत होती. हाक मारली असती तर आली असती.

साहेबांनी मला पुढे बोलावलं. "तूच का ती? आवाज झकास आहे. बोल बघू काहीतरी."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "जिथे तुम्ही, तिथे शाळा," मी म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला छान वाटलं. का वाटू नये? पोर होते मी, आणि आवाज माझा होता. त्या वाक्याची जबाबदारी मी घेत नाही. ज्याने लिहिलं आणि ज्याने ऐकून मान डोलावली, त्या दोघांनी वाटून घ्यावी.

सरांचा सत्कार झाला. जिल्ह्यात त्यांचं नाव झालं. मी दहावीत गेले.

दसरा उलटला. दर वर्षी या दिवसांत पारूमावशी वसतिगृहाच्या चुलीचं लिंपण करायची. या वर्षी ती शेतात खुरपायला जात होती. मी तिला रस्त्यात गाठलं.

"मावशी, चूल?"

"मला कुणी सांगितलंच नाही बाई. सरलाच इचार."

सर ऑफिसात कपाट आवरत होते. त्यांची नेमणूक जिल्ह्याला झाली होती. सगळ्या जिल्ह्यासाठी असले भाग तयार करायचे, मोठं काम.

"सर, वसतिगृह कधी सुरू होणार?"

"या वर्षी नाही बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

त्यांनी दोरी बांधायला घेतली. "म्हणजे नाही."

"का?"

"वरून शेरा आलाय. स्थलांतरित विद्यार्थ्यांचे शिक्षण श्राव्य माध्यमातून प्रभावीपणे सुरू असल्याने वसतिगृहाची आवश्यकता दिसून येत नाही." त्यांनी हे असं म्हटलं की जणू मीच समोर पायमोजा घातलेला मोबाइल आहे. एकही श्वास ऐकू आला नाही.

"श्राव्य माध्यम म्हणजे काय सर?"

"आपला पॉडकास्ट."

"म्हणजे मी."

त्यांनी दोरीचा आणखी एक फेरा घेतला.

"माझ्यामुळं माझं वसतिगृह बंद झालं?"

"तुझ्यामुळं नाही गं, असं कसं… धोरण असतं ते."

"तुम्ही सांगा ना साहेबांना. वसतिगृह होतं म्हणून तर आम्ही इथं होतो, आणि इथं होतो म्हणून ते भाग झाले."

"मी सांगू? माझ्याच उपक्रमाबद्दल, की तो चालत नाही म्हणून?"

"चालत नाही म्हणून कुठं सांगायचंय? पुरत नाही म्हणून सांगा."

"कांचन, तुला ऑफिसातलं कळत नाही."

"माझी दहावी आहे सर."

"तुझं नाव बोर्डाकडे गेलंय. परीक्षेपुरती ये. तोवर भाग ऐक. सगळे आहेतच तिथं."

"ते मीच बोललेले आहेत. आणि ते नववीचे आहेत."

दोरीची गाठ त्यांच्या बोटात राहिली. मग चेहरा उजळला. त्यांना खरंच काहीतरी सुचलं होतं, आणि मला आजही त्या उजळलेल्या चेहऱ्याचा जास्त राग येतो. म्हणाले, "मग असं कर ना. दहावीचे तू तिकडून रेकॉर्ड करून पाठव! फडातून! कसली कल्पना आहे!"

मी घरी आले आणि मायला सांगितलं. माय ज्वारी निवडत होती. म्हणाली, "एकटी ठिवून जाऊ का तुला? सोळाव्या वर्षी? हितं?" माझ्या वडिलांनी, आबांनी, ट्रकमध्ये एक गोधडी जास्त टाकली.

फडात माणूस मोजायची रीत वेगळी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मी गेले तेव्हा अर्धीही नव्हते, आईबापांच्या कोयत्याला लोंबणारी पोर. पुढच्या हंगामाला मला दुसरा अर्धा जोडून अख्खा कोयता करण्यात आलं. ते लग्न मी इथे सांगणार नाही.

काम असं. पहाटे फडात. आबा तोडायचे, माय ऊस साळून पाला काढायची, मी मोळ्या बांधायचे आणि डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत न्यायचे. वाळलेल्या पानांना पाचट म्हणतात. ते हाताला, गळ्याला, पापण्यांना कापतं. त्याची धूळ छातीत बसते. सोनी कोपीत, म्हणजे आमच्या पाल्याच्या झोपडीत, गयाबाईच्या नातीला सांभाळायची. तिसरी झालेली पोर. आठवड्याभरात तिने कळंना म्हणणं सोडलं. विचारायला कुणी नव्हतं.

मी दहावीची पुस्तकं नेली होती. विज्ञानाचं पुस्तक कोपीच्या दारात पाणी आत येऊ नये म्हणून लावलं गेलं. कुणी मुद्दाम नाही लावलं. हाताशी होतं.

नवनाथअण्णाला जिल्ह्यावरून सांगणं होतं, रोज संध्याकाळी भाग लावायचा. तो ट्रॅक्टरच्या टपावर मोबाइल ठेवून लावून द्यायचा आणि आपण पत्ते खेळायला जायचा. "जिथे तुम्ही, तिथे शाळा." माझाच आवाज. चुली पेटलेल्या, भाकरी थापल्या जातायत, पोरं जिथं पडली तिथं झोपलेली. हातात अर्धी भाकरी तशीच. जुनेच भाग होते, गेल्या सालचे. नवे करणार कोण?

पहिल्या काही दिवसांत मी कान बंद करून घ्यायचे. मग एकदा पाहिलं, माय चूल सोडून उठली आणि टपावरचा मोबाइल काढून कानाला लावून उभी राहिली. तिच्या मागे गयाबाई, कृष्णाची आई, नंबर लावल्यासारखी.

"माय, तुला कळतं का त्यातलं?"

"कशातलं?"

"त्रिकोणाचं. काटकोनाचं."

"मला काय करायचाय तिरकोन?" ती हसली. "सवय लागली बग. गेल्या साली रोज लावायला लावायचो अण्णाला. लई चिडायचा. म्हनायचा, बाटरी खाता माझी."

"रोज? त्रिकोणाचाच?"

"तेच्यात तू खोकलीस ना. मला वाटायचं, पुन्हा ऐकावं. साधा खोकला हाय का छातीतला, ते पहिल्यांदा नीट कळंना."



गयाबाई म्हणाली, "मी तर निस्ती हजेरी ऐकायची. 'कृष्णा गयाबाई सानप, हजर.' तेवढं झालं की अण्णाला म्हनायची, माघारी फिरव. पुन्यांदा तेवढंच. आवाज फुटाय लागला होता तेचा. आमी इकडं, आन् पोराचा आवाज तिकडं फुटायला."

"सगळ्याच ऐकायच्या," माय म्हणाली. "रडायच्या बी. सुमन तर पदर तोंडात घालून ऐकायची."

"आणि पोरं? इथं आलेली पोरं ऐकायची का?"

"कोनती पोरं?" मायने आजूबाजूला पाहिलं, पाचटावर आडव्या झालेल्या पोरांकडे. "ती झोपत्यात की. दिसभर लेकरं कडंवर घेऊन जीव जातो तेंचा."

तेव्हा मला तो चादरीवरचा आलेख दिसला. त्रिकोणाच्या भागाचा सगळ्यात उंच खांब. बिडवे साहेब चष्मा काढून वाकलेले. ज्या खांबाला त्यांनी शिक्षण म्हटलं, तो माझा खोकला होता. आया आपली पोरं जिवंत आहेत का ते ऐकत होत्या. आणि त्या ऐकण्याच्या जोरावर त्या पोरांचं ठिकाण बंद करून, आता पोरं आयांच्या शेजारी पाचटात झोपवली होती.

आता गयाबाईचा कृष्णा तिच्याच कोपीत होता, मोळ्या वाहत होता. तरी ती मोबाइल कानाला लावायचीच.

थंडी सरता सरता एक पांढरी जीप फडाच्या बांधावर आली. बिडवे साहेब, डोईफोडे सर आणि काळ्या बोंडाचा खराखुरा माइक. सरांनी मला पाहिलं आणि क्षणभर ओळखलं नाही. डोक्याला फडकं, आबांचा जुना शर्ट, तोंड काळं.

"अरे, कांचन! किती… उंच झालीस."

"मोळीनं उंच होत नाही कुणी सर."

नवनाथअण्णा धावत आला. खुर्ची नव्हती, त्याने साहेबांसाठी खताच्या गोणीवर टॉवेल टाकला. साहेब उभेच राहिले. सरांनी समजावलं: 'फडातली शाळा' असा खास भाग करायचाय. राज्यभर जाईल. मी बोलायचं. इथं कसं शिकते, ते.

"खरं बोलू?"

"खरंच बोलायचंय," साहेब म्हणाले. "मोकळेपणानं बोल."

सरांनी माइक समोर धरला. मागे कोयते चालू होते. मी बोलले. जे बोलले ते शब्द न् शब्द पाठ आहे, कारण नंतर ते मला फार वेळा मनात म्हणावं लागलं.

"मी इथं रोज ऐकते, पण माझाच आवाज ऐकते, आणि तो नववीचा आहे. मला दहावी द्यायची आहे. इथं शिकता येतं असं ज्याला वाटतं, त्यानं एक दिवस मोळी उचलावी आणि मग पुस्तक उघडून दाखवावं. गेल्या साली हे भाग पोरांनी ऐकले नाहीत. आमच्या आयांनी ऐकले. त्यांना धडा नको होता, हजेरी हवी होती. आमचं वसतिगृह सुरू करा."

कोयते चालत राहिले. साहेबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"पुन्हा," सर म्हणाले. अगदी तांदळाच्या खोलीतल्यासारखं. "जरा… कमी रागानं."

"श्वास ऐकू आला का सर?"

"ए कांचे!" नवनाथअण्णा ओरडला. "साहेबाशी नीट बोल. जीभ लई लांब झाली का?"

माय फडातून पळत आली. पदराने हात पुसत साहेबांपुढे वाकली. "लेकरू हाय साहेब. उन्हानं डोकं फिरलंय. मनावर घिऊ नका."

"माय, तू सांग ना त्यांना. तूच सांगितलंस ना मला, कोण ऐकायचं ते?"

मायने माझ्याकडे पाहिलं, अण्णाकडे पाहिलं. पुढच्या साली ट्रकमध्ये कुणाला घ्यायचं ते अण्णा ठरवायचा. "मला काय ठावं असलं," ती म्हणाली. "आमी अडानी मानसं."

मी सरांकडे वळले. "सर, तुम्हाला तर माहितीय. मायचा फोन आला होता. खोकल्याचा. तुम्हीच माझ्यापुढं धरला. आठवतं?"

आठवलं. मला दिसलं, त्यांना आठवलं. त्यांचा माइक धरलेला हात खाली आला, तोंड थोडं उघडलं, आणि मला खरंच वाटलं की आता हा माणूस वळेल आणि साहेबांना सांगेल. फार लांब नव्हते साहेब. हात लावता आला असता.

"काय म्हणतेय ती, डोईफोडे?" साहेबांनी विचारलं.

सरांनी कानावरचा हेडफोन नीट केला. "काही नाही साहेब. वारा फार आहे. आवाज नीट येतोय का बघतो."

"होईल ना भाग?"

"होईल. माझ्याकडे तिचं बरंच जुनं आहे."

मला म्हणाले, "शेवटचं वाक्य तेवढं म्हण. जिथे तुम्ही…"

"नाही म्हणत."

"बरं," सर म्हणाले. रागावले नाहीत. माइक डबीत ठेवला. जाताना सोनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला चॉकलेट दिलं. सोनीने ते गयाबाईच्या नातीला दिलं.

परीक्षेच्या काळात आमचा फड आणखी खाली सरकला. अण्णा म्हणाला, मधे गाडी सोडता येत नाही. बोर्डात माझ्या नावापुढे गैरहजर लागलं असणार. मी पाहायला गेले नाही.

त्याच आठवड्यात तो भाग आला.

उजेड होता अजून. माय चुलीपुढे बसली होती, मी शेजारी हातातली कुसं काढत होते. अण्णाने लांबूनच आरोळी दिली, "ए, कांचीचा आलाय बरं का! राज्यभर वाजतोय!" आणि स्वतः येऊन मोबाइल मायच्या हातात दिला. आजूबाजूच्या बाया जमल्या.

आधी कोयत्यांचा आवाज. छान उचलला होता, खरा. मग माझा. "मी इथं रोज ऐकते." आणि लगेच, "इथं शिकता येतं." आणि मग, "जिथे तुम्ही, तिथे शाळा."

बायांनी टाळ्या वाजवल्या.

कापायचं मला सरांनीच शिकवलं होतं. मला सांधा ऐकू आला. पहिल्या दोन वाक्यांच्या मधे एक कोयता उचलला जातो आणि खालीच येत नाही. आणि शेवटच्या वाक्यामागे कोयतेच नाहीत, वारा नाही, माणूस नाही. तिथे ती पोत्यांची शांतता आहे. राज्यभर कुणाला ते कळलं नसणार. कळलं असलं तरी बोलले नसणार.

"माय," मी म्हणाले, "हे मी बोललेच नाही."

"थांब गं, ऐकू दी." तिने मोबाइल कानाशी धरला, डोळे मिटले, आणि अण्णाला खूण केली की माघारी फिरव. गेल्या सालासारखीच. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता.

तिने पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. तिचा चेहरा सैल झाला.

"आवाज मोकळा झालाय बग तुझा," ती म्हणाली. "आता खोकत नाहीस."

मला उत्तर द्यायचं होतं. पण दिवसभराचं पाचट छातीत बसलेलं. मी तिच्या शेजारी बसून खोकत होते, आणि तिने दुसऱ्या कानावर हात ठेवला, मोबाइलमधलं नीट ऐकू यावं म्हणून.